काळजातले जादा दार

जो सर्वांच्या हृदयात बसून श्वासाला श्वास जोडतो आणि त्याबद्दल कोणाकडून कधी दक्षिणा मागत नाही, त्या परमेश्वराला प्रथम नमस्कार. कुलस्वामिनीला नमस्कार. आणि ज्यांच्या नुसत्या दृष्टीच्या धाकाने भली भली माणसे सरळ चालू लागतात, त्या शनिदेवांना दोन नमस्कार. एक माझा स्वतःचा, दुसरा आमच्या विहीणबाईंनी घालायला सांगितलेला.

निमित्त असे की आज माझ्या नातीला एक वर्ष पूर्ण झाले. सकाळी तिच्या आजोळी, शनिशिंगणापुरास, तिचे औक्षण झाले. तिने निरांजनाच्या ज्योतीकडे हात नेला, तो मागे घेतल्यावर तबकातली सुपारी तोंडात घातली, आणि सुपारी काढून घेताच घर डोक्यावर घेतले. हे सर्व तिने इतक्या जोमाने केले की तिच्या हृदयाविषयी कोणाला शंका उरू नये. औक्षण आटोपल्यावर विहीणबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी एवढं लिवत बसता. ह्या पोरीचं बी लिवून ठिवा. मोठी झाली म्हंजी वाचंल. पन खरं लिवा, आन त्यात संस्कृत घालू नका."

पहिली आज्ञा मी पाळणार आहे. दुसरीविषयी प्रयत्न करतो.

मी बेलापूरचा. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, आणि निवृत्तीनंतर सकाळ-संध्याकाळ पूजापाठ करतो. माझा मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याने आणि सूनबाईंनी आपले लग्न आपसात ठरवले आणि दोन्ही घरांना ते कळवण्याची कृपा केली. सूनबाई शेतकरी घरातल्या. त्यांच्या माहेरचे रान आहे, शिवाय देवळाच्या वाटेवर तेलाचे आणि रुईच्या माळांचे दुकान आहे. दुकान व्याही पाहतात. व्याह्यांना विहीणबाई पाहतात.

शिंगणापूरच्या घरांची रीत सर्वांना ऐकून ठाऊक असते, पण ती अंगावर यावी लागते. लग्नाची बोलणी करायला मी प्रथम गेलो तेव्हा घराला चौकट होती, उंबरठा होता, आणि मध्ये मोकळी हवा होती. टकटक करायला हात उचलला, पण तो टेकवायचा कुठे? मी हात वर धरून तसाच उभा राहिलो. आतून आवाज आला, "आशीर्वाद देताय का काय? आत या की!" राखण शनिदेव करतात, तिथे कवाड बसवणे म्हणजे देवावर अविश्वास. म्हणून येणाऱ्याने बाहेरून हाक द्यायची आणि आत यायचे. ही रीत मला त्याच दिवशी आवडली. ती पुढे माझ्या नातीच्या प्राणांशी येऊन भिडेल, हे मात्र तेव्हा दिसले नव्हते.

नात दोन महिन्यांची झाली होती. संध्याकाळच्या पाठाच्या वेळी तिला छातीशी घेऊन बसण्याची मी सवय लावून घेतली होती. माझे पठण द्रुत लयीतही स्पष्ट असते असा पंचक्रोशीत लौकिक आहे. त्याचा थोडा अभिमानही मला होता. त्या संध्याकाळी पोर दूध घेईना, कपाळावर घाम, ओठ फिके. मी तिला उचलून घेतली आणि पाठ सुरू केला, तर माझ्या हाताखाली तिचे हृदय माझ्या पठणाच्या पुढे धावू लागले. मी लय वाढवली. ते आणखी पुढेच. अडकलेल्या चिमणीचे पंख जसे फडफडावेत तसे ते चालले होते. माझा लौकिक तिथेच संपला आणि मी मुलाला हाक मारली.

श्रीरामपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी तिच्या इवल्याशा छातीवर तारा चिकटवून आलेख काढला. त्यात शिखरे इतकी दाट होती की मध्ये दरी म्हणून उरलीच नव्हती. त्यांनी बर्फाच्या पाण्याची पिशवी मागवली आणि ती मोजके क्षण तिच्या चेहऱ्यावर धरली. पोर दचकली, हृदय थबकले, आणि मग ते शहाण्यासारखे चालू लागले. "असं पुन्हा झालं तर घरी हे करा आणि लगेच घेऊन या," असे सांगून त्यांनी औषध दिले.

आमच्या घरात बाळाला वाऱ्याची झुळूक लागली तरी वेखंड उगाळले जाते. तिला कुंची, वर शाल, खाली शेकोटी. त्या बाळाच्या तोंडाला आता बर्फ लावायचा! विहीणबाई त्या वेळी लेकीकडे बेलापुरास आल्या होत्या. त्या डॉक्टरांविषयी जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. पण तीन दिवसांनी पोरीला पुन्हा तसेच झाले, तेव्हा बर्फासाठी धावणाऱ्यांत विहीणबाईच पुढे होत्या. आमच्या फ्रीजमधला बर्फ नेमका त्या दिवशी जमला नव्हता. त्यांनी चौकातली रसवंती गाठली, गाळणीखालचा बर्फ उचलला, आणि रसवंतीवाल्याने "मावशी, रस?" विचारले तेव्हा म्हणाल्या, "रस तुलाच ऱ्हाऊ दे, पोरगी चाललीय माझी!" तेव्हापासून तो भला माणूस एक पिशवी आमच्यासाठी वेगळी काढून ठेवू लागला. पोरीच्या मुखाला उसाचा थोडा वास येई. उपाय मात्र लागू पडे.

लागू पडे म्हणजे काही काळच. पहिले औषध हरले. त्याला जोड दिली, जोडही हरली. मग आम्ही जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात पोरीला दाखल केले. तिथे शिरेतून औषधे चालू झाली. हृदय तासभर मान देई आणि पुन्हा उधळे. काचेपलीकडच्या यंत्रावर ती शिखरे धावताना पाहून मला एवढेच कळत होते की पोर दमत चालली आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितले: हृदय सतत पळून अशक्त होत आहे, आता औषधांवर थांबता येणार नाही. बाहेरगावाहून हृदयाच्या लयीचे एक तज्ज्ञ त्या रुग्णालयात अधूनमधून येत; ते शुक्रवारी येणार होते, आणि शनिवारी सकाळी उपाय करून परत जाणार होते.

माझी पत्नी गुडघ्यांमुळे बेलापुरासच राहिली होती आणि फोनवरून दर थोड्या वेळाने "काय म्हणतेय?" विचारीत होती. विहीणबाई मात्र आमच्याबरोबर आल्या होत्या, आणि रुग्णालय म्हणजे दारांचे गाव. त्या प्रत्येक दाराशी थांबून खणखणीत हाक देत: "हाय का कोन आत? येते बरं का!" अतिदक्षता विभागाचे काचेचे दार माणूस पाहून आपोआप सरके. त्या दाराचे त्यांनी कौतुक केले. "ह्ये बरंय. ह्याला मानूस वळखू येतो." पहारेकरी म्हणाला, "मावशी, आत फक्त आईला सोडतात." विहीणबाई म्हणाल्या, "मी आईची आई हाय. मला दोनदा सोड."

आवारात नातेवाइकांसाठी खोल्या होत्या. एक आम्हा पितापुत्रांना मिळाली, शेजारची मायलेकींना. विहीणबाईंच्या खोलीचे दार दिवसरात्र सताड उघडे. सर्वांचे खाणेपिणे त्यांच्याकडे ठेवलेले होते. माझ्या दशम्यांचे गाठोडेही. मी प्रवासात बाहेरचे अन्न घेत नाही, म्हणून पत्नीने दुधात भिजवलेल्या दशम्या करून दिल्या होत्या. मी एकदा नम्रपणे सुचवले, "विहीणबाई, बाहेर जाताना कडी तरी लावावी." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुमच्या दशम्या चोरायला कोन यील? त्या आमी फुकट दिल्या तरी कोनी घीना."

शुक्रवारी दुपारी तज्ज्ञ आले. वय माझ्या जुन्या विद्यार्थ्यांहून कमी, बोलणे गोड. त्यांनी आम्हा चौघांना बसवले आणि कागदावर हृदय काढले.

"हे बघा आजोबा. हृदयाचा हा वरचा मजला, हा खालचा. मध्ये भिंत. वीज वरून खाली जायला या भिंतीत एकच दार असतं. तुमच्या नातीच्या भिंतीत जन्मतःच एक जादा दार राहिलंय. मग वीज या दारानं खाली जाते, त्या दारानं वर येते, आणि गरगर फिरत बसते. म्हणून हृदय पळतं. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, टोकाशी उष्णता देऊन, ते जादा दार आम्ही कायमचं बंद करणार."

मला हे इतके स्वच्छ समजले की मनातल्या मनात मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. मुलाने मान हलवली. सूनबाईंनी आईकडे पाहिले. विहीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"बंद करनार म्हंजी कवाड बसवनार?"

"हो, म्हणजे तसंच समजा आजी."

"माझ्या नातीच्या काळजाला? कवाड?"

डॉक्टर हसले. त्यांना काय कल्पना! विहीणबाई उठल्या. "आमच्या गावाला दारं हायेत, कवाड न्हाई. शनिदेवाच्या राज्यात ज्यानं ज्यानं कवाड बसवलं त्याचं भलं झालं न्हाई. आन तुमी पोरीच्या काळजालाच बसवायला निघालात! माझी न्हाई संमती."

एवढे बोलून त्या बाहेर गेल्या, आणि अर्थातच दार उघडे टाकून गेल्या.

आता विहीणबाईंची संमती कायद्याने कोणी मागितली नव्हती. सही आईबापांची. परंतु सूनबाई संगणकाच्या पदवीधर असूनही डोळे पुसत म्हणाल्या, "मला सगळं कळतंय, बाबा. पण उद्या काही झालं तर आई जन्मभर म्हणेल, देव कोपला. आणि मीही रोज तेच म्हणत राहीन. आई हो म्हणाली की सही करते." मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही समजवा ना. तुम्हाला शास्त्र येतं." एवढे म्हणून तो केमिस्ट आपल्या बायकोजवळ बसून राहिला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. संध्याकाळी पोरीला तपासायला ते पुन्हा येणार होते. तोवर त्यांना उत्तर हवे होते. नाहीतर पुढची खेप कधी, आणि पोर तोवर टिकते की नाही, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

मी शास्त्र घेऊन निघालो. विहीणबाई आवारातल्या लिंबाखाली बसल्या होत्या. शेजारी आदराचे अंतर ठेवून मी बसलो आणि आरंभ केला: "विहीणबाई, आपले शरीर हेच मुळी नऊ दारांचे नगर आहे, असे पूर्वसूरी सांगतात. दोन डोळे, दोन कान..."

"त्यातल्या एकाला तरी कवाड हाय का?"

मी म्हणालो, "डोळ्यांना पापणी आहे."

"पापनी देवानं दिली. डागदरानं न्हाई बसवली. आन तोंडाला कवाड असतं, तर तुमी आत्ता एवढं बोलला असता का?"

मी दिशा बदलली. देवावर श्रद्धा आणि वैद्यावर विश्वास यांत विरोध नाही, असे सांगू लागलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या भावकीत एकानं हट्टानं कवाड बसवलं. आठ दिसांत त्याची गाडी रस्त्यावर उलटली."

त्या गाडीला दारे होती का, असा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आला. तो मी गिळला. जन्मभराच्या अध्यापनात गिळलेल्या वाक्यांपैकी ते सर्वांत पौष्टिक ठरले असावे. कारण त्यानंतर विहीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. "गुरुजी, तुमाला वाटतं मी अडानी हाय म्हनून अडलीय. मला बी दिसतंय, पोरगी वाळत चाललीय. पन मी हो म्हनले आन तिला काय झालं, तर मी त्या गावात राहायचं कसं? रोज त्या देवाम्होरून जायाचं हाय मला."

शास्त्र मी तिथेच मिटून ठेवले. ती भीती माझीही होती. फक्त माझी भीती शुद्ध उच्चार करीत होती.

थोड्या वेळाने आम्ही खोल्यांकडे परतलो, तर विहीणबाईंच्या उघड्या दारातून एक पिवळे कुत्रे बाहेर पडत होते. तोंडात माझ्या दशम्यांचे गाठोडे. आम्हाला पाहून ते धावले नाही. यजमानाने पाहुण्यांना वाट द्यावी तसे बाजूला सरले, आणि मग सावकाश लिंबाकडे गेले.

"कोनी घीना म्हनले हुते मी," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "घेतल्या की."

मी सात्त्विक माणूस आहे, पण भुकेलाही होतो. म्हणालो, "आपल्या गावी देव राखण करतो ना? मग हे?"

"देव चोराकडं बघतो, गुरुजी. कुत्र्याकडं आपलं आपन बघायचं." असे म्हणून त्या खोलीत गेल्या, मोडक्या खाटेची एक रुंद फळी ओढून आणली आणि उंबरठ्यावर चौकटीला आडवी टेकवून ठेवली. वर्षानुवर्षांच्या सवयीने एका हाताने. माझ्या मनात आले, हे तर अर्धे कवाडच झाले. तसे मी विचारलेही. त्या रागावल्या. "ह्ये कवाड व्हय? ही फळी! आमच्या गावात घरोघर हाय. फळीला शनिदेव काय म्हनत न्हाई. कवाडाला बिजागरी असती, कडी असती. कवाड मानसाला बंद करतं. फळी नुस्ती कुत्र्याला..."

वाक्य पुरे न करता त्या थांबल्या. हात फळीवरच राहिला. बराच वेळ त्या फळीकडे पाहत होत्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "चला. त्या डागदराला इचारू, तो नक्की कवाड बसवतोय का फळी लावतोय."

तज्ज्ञ नुकतेच पोरीला तपासून बाहेर आले होते; मुलगा आणि सूनबाईही तिथेच होती. प्रश्न मला विचारावा लागला, आणि मी तो माझ्याच पद्धतीने विचारला: "डॉक्टर, विहीणबाईंची एक मूलभूत शंका आहे. उद्या आपण जे कर्म करणार, त्याचे स्वरूप कवाड बसवण्याचे आहे, की फळी लावण्याचे?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. "फळी म्हणजे?"

विहीणबाईंनी सांगितले. बिजागरी, कडी, कुत्रे, दशम्या, सगळे सांगितले. दशम्यांचा भाग त्यांनी थोडा जास्तच खुलवला. परिचारिका तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि खरोखर विचार करू लागले. त्या क्षणी त्या तरुणाविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला. तो आजही आहे.

"आजी, बिजागरी नाही. कडी नाही. उघडझाप काहीच नाही."

"आन कुत्रं?"

"कुत्रं आहे. वीज. तिची येण्याची खरी वाट देवानं दिलीय, तिला मी हात लावणार नाही. ती दुसरीकडून घुसते ना, तिथं मी फळी लावणार."

"मंग मगाशी कवाड का म्हनाला?"

"चुकलो, आजी."

"सरकनार न्हाई ना?"

"भाजून बसवतो, म्हणून सहसा सरकत नाही. पण खोटं सांगत नाही, कधी सरकते, मग पुन्हा लावावी लागते. आणि खरी वाट जवळच आहे. तिला धक्का लागला तर पोरीला कायमचं यंत्र बसवावं लागेल. इतक्या लहान बाळात धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. एरवी मूल मोठं होईपर्यंत आम्ही थांबतो. पण औषधं हरलीत, हृदय दमलंय. न करण्यात धोका आणखी मोठा आहे."

मला वाटले, आता सगळे संपले. इतके खरे बोलायची काय गरज होती! पण विहीणबाईंचा चेहरा उलट मोकळा झाला. "छातीठोकपनं बोलनाऱ्याची मला भीती वाटती. तुमी भेऊन करताय, म्हंजी नीट कराल. कदी?"

"उद्या सकाळी."

"उद्या शनवार."

मुलाने डोळे मिटले.

"शनवारी आमी लोखंड घरात आनत न्हाई. तुमची ती नळी लोखंडाची हाय का?"

"टोकाला प्लॅटिनम आहे, आजी."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. "पांढऱ्या रंगाचा मौल्यवान धातू," मी भाष्य केले, "अलंकारांतही वापरतात."

"मंग घाला. आमी नुस्त्या चांदीच्या तोरड्या घातल्या पोरीला. तुमी लई पुढं गेलात."

सूनबाईंनी सही केली. आईने खांदा धरला होता.

शनिवारी सकाळी पोरीला आत नेले. दार मिटले, वर तांबडा दिवा लागला. इतके दिवस प्रत्येक दाराशी हाक देणाऱ्या विहीणबाईंनी या दाराशी हाक दिली नाही. त्यांनी फक्त गावी फोन लावला आणि व्याह्यांना सांगितले, "माझ्या नावाचं तेल वाहा. आन पोरीच्या नावाचं येगळं. एकाच पळीत उरकू नका, मला कळंल."

मी बाकावर पाठ सुरू केला, मनातल्या मनात. "मोठ्यानं म्हना," त्या म्हणाल्या. आदल्याच दिवशी याच बाईंनी मला आवाज कमी करायला सांगितले होते. मी म्हणू लागलो. ज्या ओळी मी झोपेतही चुकत नाही, त्या जिभेवरून निसटू लागल्या. कानात सारखी ती फडफड. मध्येच विहीणबाईंनी माझ्या शालीला हात लावला. "गुरुजी, ह्ये म्हनून झालंय तुमचं. मगाधरनं तिथंच फिरताय. फुडं चला."

ज्या बाईंना संस्कृतचे अक्षर येत नाही, त्यांनी माझी चूक पकडली, हे मला पुष्कळ दिवस सलायला हवे होते. सलले नाही. मी एकाच ओळीभोवती गरगर फिरत होतो आणि कोणीतरी ती वाट अडवली, एवढेच. मी पुढे गेलो.

किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. दार उघडले तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. सर्वांत आधी विहीणबाई उभ्या राहिल्या.

"बसली का?"

"बसली, आजी. बसवल्यावर थोडा वेळ हलवूनही पाहिली. सरकत नाही. खरी वाट शाबूत आहे."

विहीणबाई मटकन बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांची समजूत घालायला सुभाषित शोधू लागलो, आणि मला कळले की माझेही उपरणे भिजले आहे. मग मी ते काम मुलाकडे सोपवले. तोही त्या कामाचा नव्हता. शेवटी आम्हा सर्वांना पाणी त्या पहारेकऱ्याने आणून दिले, आणि म्हणाला, "मावशी, आता जावा आत. दोनदा जावा."

पोर यंत्राला जोडून निजली होती. पडद्यावर शिखरे होती, आणि दोन शिखरांच्या मध्ये दरी होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ क्षेत्रांचे दर्शन घेतले; रिकाम्या जागेचे दर्शन पहिल्यांदाच घेतले.

पुढे औषधे हळूहळू कमी झाली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबली. तपासणीला अजून नेतो. फळी जागेवर आहे असे ते दर वेळी सांगतात. आलेख पाहून विहीणबाईंशी ते याच भाषेत बोलतात.

आज दुपारी मात्र मला वेगळेच दर्शन घडले. पोर आता भिंत धरून उभी राहते आणि मोकळी वाट दिसली की रांगत थेट रस्ता गाठते. शिंगणापूरच्या घराला कवाड नाही, आणि भक्तांच्या गाड्यांना तोटा नाही. म्हणून एरवी कुत्र्यासाठी टेकवली जाणारी फळी तिथे हल्ली दिवसभर उभी असते. जेवणानंतर मी जरा फेरी मारून परत आलो, रीतीप्रमाणे हाक दिली, फळी बाजूला सरकवली आणि आत आलो. आणि माझ्या धोतराजवळून कोणीतरी बाहेर सटकले.

"गुरुजी!" आतून गर्जना झाली. "फळी कोन लावनार?"

मी उंबरठ्यापलीकडे धावलो आणि तिला उचलून छातीशी धरली. अपमानाने ती तांबडीलाल झाली होती, दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर प्रहार करीत होती. हाताखाली तिचे हृदय जोरात चालले होते. पण ते पळण्याने जोरात चालले होते, रागाने जोरात चालले होते. मी नेहमीचा पाठ म्हणू लागलो. काही ओळींनंतर ते माझ्या लयीला येऊन मिळाले असे मला वाटले. विहीणबाई म्हणतात, पोरगी नुसती झोपली. तसेही असेल.

वाचकहो, तुमच्या घरातल्या लेकराबाळांची हृदये आपापल्या लयीत सुखाने चालोत. जी वाट देवाने दिली ती सदैव मोकळी राहो, आणि जिथून संकट घुसेल तिथे भिऊन, जपून काम करणारा कोणी भला हात तुम्हाला वेळेवर भेटो. तुमच्या उंबरठ्यावर हाक देऊन येणारे पुष्कळ असोत. तुमच्या दशम्या तुम्हालाच मिळोत. शुभं भवतु, विहीणबाईंनी क्षमा करावी, एवढे संस्कृत राहूनच गेले.